बर्ट ट्राउटमान : मोडक्या मानेपलीकडचा गोलकीपर

तिरकाकोन

फुटबॉलच्या गप्पांत बर्ट ट्राउटमानचं नाव निघालं की एकच गोष्ट येते: १९५६ ची एफए कप (इंग्लंडची बाद फेरीची स्पर्धा) फायनल, मोडलेली मान, तरी शेवटपर्यंत गोलमध्ये उभा. गोष्ट खरी आहे, पण त्या सतरा मिनिटांनी बाकीची चाळीस वर्षं झाकून टाकली. म्हणून हा धागा. जमेल तितकं खेळाबद्दल आणि नंतरच्या मॅनेजरकीबद्दल बोलू.

आधी सांगाडा. जन्म २२ ऑक्टोबर १९२३, ब्रेमेन. लहानपणापासून फुटबॉलबरोबर हँडबॉल. युद्धात जर्मन छत्रीधारी सैनिक, पूर्व आघाडीवर आयर्न क्रॉस हे शौर्यपदक, शेवटी इंग्रजांच्या हाती कैद. इंग्लंडमध्ये कैद्यांची राजकीय मतांनुसार प्रतवारी व्हायची. हा आधी कडव्या नाझींच्या 'क' गटात नॉर्थविचजवळच्या मार्बरी हॉलला, मग 'ब' गटात उतरवून अ‍ॅश्टन-इन-मेकरफील्डच्या ५० नंबरच्या छावणीत. तिथे तो खेळायचा मैदानात, गोलमध्ये नाही. एका सामन्यात दुखापत झाली म्हणून गोलकीपरशी जागा बदलली आणि परत कधी बाहेर आला नाही. 'बर्नहार्ड' जिभेवर चढेना म्हणून इंग्रजांनी त्याचा 'बर्ट' केला.

१९४८ मध्ये मायदेशी परतायची मुभा मिळाली ती त्याने नाकारली. शेतावर काम केलं, न फुटलेले बॉम्ब काढणाऱ्या पथकात काम केलं आणि सेंट हेलेन्स टाउनकडून खेळला. ऑक्टोबर १९४९ मध्ये मँचेस्टर सिटी क्लबने घेतला. १९६४ पर्यंत ५४५ सामने.

आडवी_पट्टी

चांगला विषय. सिटीने घेतला त्या वेळची अडचण नीट समजून घ्यायला हवी. फ्रँक स्विफ्ट नुकताच निवृत्त झालेला, सिटीचा आणि इंग्लंडचा लाडका कीपर. त्याच्या जागी चार वर्षांपूर्वीचा शत्रूसैनिक. वीसेक हजार लोक रस्त्यावर उतरले, सीझन तिकीटवाल्यांनी बहिष्काराची भाषा केली. मँचेस्टरमध्ये ज्यू वस्ती मोठी. वातावरण निवळायला दोन माणसं कारणीभूत. एक कप्तान एरिक वेस्टवुड. तो स्वतः नॉर्मंडीत लढलेला, आणि त्याने ड्रेसिंग रूममध्ये युद्धाचा विषय पहिल्याच दिवशी संपवला. दुसरे मँचेस्टरचे रब्बी (ज्यू धर्मगुरू) अलेक्झांडर आल्टमान, जे १९३८ मध्ये बर्लिनहून निसटलेले. देशाच्या गुन्ह्याची शिक्षा एका माणसाला देऊ नका, असं उघड पत्र त्यांनी लिहिलं. या दोघांइतका 'नाही' म्हणायचा हक्क दुसऱ्या कुणाला नव्हता, म्हणूनच त्यांच्या 'हो'ला वजन आलं.

पदार्पण १९ नोव्हेंबर १९४९, बोल्टनविरुद्ध. पण लोकमत फिरलं ते जानेवारी १९५० मध्ये लंडनला, फुलमच्या मैदानावर. सिटी १-० ने हरली. आकडा किती मोठा व्हायला हवा होता हे प्रेक्षकांना कळलं होतं, त्यामुळे परतताना ते उभे राहून टाळ्या वाजवत होते. त्या मोसमात सिटी दुसऱ्या डिव्हिजनमध्ये घसरलीच, पुढच्या मोसमात परत वर आली.

पेनल्टीबॉक्स

मानेपेक्षा हात महत्त्वाचे, असं माझं मत. ट्राउटमानचं खरं देणं म्हणजे त्याचा थ्रो.

तेव्हाचा रिवाज असा की कीपरने चेंडू पकडला की लाथ मारून शक्य तितका लांब पाठवायचा. चेंडू चामड्याचा, कोरडा असताना नियमाप्रमाणे १४ ते १६ औंस, म्हणजे साधारण ४०० ते ४५० ग्रॅम. पाऊस पडला की चामडं पाणी पिणार आणि वजन वाढणार. असा चेंडू हवेत बराच वेळ तरंगतो. तोवर समोरचा उंच सेंटर-हाफ, म्हणजे बचावफळीच्या मधला खेळाडू, खाली येऊन उभा राहतो आणि डोक्याने परत पाठवतो. कष्टाने मिळवलेला चेंडू पाच सेकंदांत समोरच्याकडे.

ट्राउटमान हँडबॉलवाला. खांद्यावरून सपाट फेक. चेंडू पंजा आणि मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवून हात जवळजवळ सरळ मागे न्यायचा, विरुद्ध पाय लक्ष्याकडे रोखून टाकायचा, आधी कंबर फिरवायची, मग खांदा, हात सगळ्यांत शेवटी. नुसत्या हाताने फेकलं की चेंडू वर चढतो. कंबरेतून फेकलं की सपाट जातो. घेणाऱ्याच्या जरा पुढे एक टप्पा पडेल असा टाकायचा, म्हणजे त्याला धावता धावता पायात मिळतो.

पाऊल टाकण्याचाही हिशोब होता. १९३१ पासून कीपरला चेंडू हातात धरून चारच पावलं चालता येत. पुढे जायचं तर टप्पा मारायचा, पुन्हा चार पावलं. ट्राउटमान टप्पे मारत पेनल्टी बॉक्सच्या कडेपर्यंत यायचा, म्हणजे गोलरेषेपासून साडेसोळा मीटर इथेच कमावलेले, आणि तिथून फेकायचा.

चूक होते ती दिशेत. हल्ला डावीकडून आला असेल तर समोरचे सगळे त्याच बाजूला गोळा झालेले असतात, मोकळी जागा उजवीकडे. पण उजवीकडे टाकताना चेंडू आपल्याच गोलसमोरून आडवा गेला आणि मध्ये अडला तर मामला खलास. म्हणून आधी बॉक्सच्या त्या कोपऱ्याकडे धावायचं, मग रेषेला समांतर फेकायचं. आजही पोरं इथेच चुकतात. जागेवर उभं राहून आडवा फेकतात.

तिरकाकोन

ही कल्पना पूर्ण त्याची म्हणता येणार नाही. हंगेरीचा ग्रोशिच हे आधीपासून करत होता. नोव्हेंबर १९५३ मध्ये हंगेरीने वेम्बलीवर इंग्लंडला ६-३ असं धुतलं तेव्हा इंग्रजांनी ते डोळ्यांनी पाहिलं. सिटीने त्यातून दोन गोष्टी उचलल्या: हिदेगकुटीसारखा मागे राहणारा नऊ नंबर (मधला आक्रमक), आणि ग्रोशिचसारखा हाताने चाल सुरू करणारा कीपर. याच खेळाला पुढे 'रेव्ही प्लॅन' नाव पडलं.

पेनल्टीबॉक्स

बरोबर, आणि दोन्ही एकमेकांशिवाय चालत नाहीत, हे बरेचदा सुटतं. डॉन रेव्ही नऊ नंबर घालून मधल्या फळीत यायचा. समोरच्या सेंटर-हाफपुढे पेच: त्याच्या मागे गेलं तर पाठीमागे खिंडार, तिथे सिटीचे आक्रमक हेज आणि जॉन्स्टन घुसणार, जागेवर थांबलं तर रेव्ही मोकळा. पण रेव्हीला चेंडू जमिनीवरून, पायात मिळाला तरच हा पेच पडतो. लांब लाथ मारली तर चेंडू रेव्हीच्या डोक्यावरून थेट त्याच सेंटर-हाफकडे! म्हणून साखळी अशी: ट्राउटमानचा थ्रो विंग-हाफ (मधल्या फळीतला) केन बार्न्सकडे, बार्न्सकडून रेव्ही, रेव्हीकडून पुढे.

मॅनेजर लेस मॅकडॉवलने हे आधी राखीव संघावर घोटून घेतलं. १९५४-५५ च्या पहिल्याच सामन्यात प्रेस्टनने ५-० ने हरवलं, तरी सोडलं नाही. १९५५ आणि १९५६ अशा लागोपाठ दोन कप फायनल त्यातूनच आल्या.

कसबा_११

गंमत म्हणजे १९५६ च्या फायनलमधला तिसरा गोल थ्रोवर झाला नाही. बर्मिंगहॅमचा हल्ला मोडल्यावर ट्राउटमानने लांब लाथच मारली. डायसनने चेंडू पुढे ढकलला आणि जॉन्स्टनने गोल केला. ३-१. थ्रोची धास्ती घेऊन समोरचे पांगले की लाथही चालते. हुकूम हातात असला म्हणजे दर वेळी तो टाकायलाच हवा असं नाही.

हाडांचाहिशोब

आता मानेकडे येऊ, कारण त्यातही ऐकीव फार आहे.

५ मे १९५६, सव्वा तास होत आलेला, शेवटची सतराएक मिनिटं उरलेली. बर्मिंगहॅमचा पीटर मर्फी गोलच्या तोंडाशी, ट्राउटमानने त्याच्या पायांवर झेप घेतली, मर्फीचा गुडघा मानेवर बसला. तेव्हा बदली खेळाडू नव्हते. कप्तान रॉय पॉलला वाटत होतं की फुलबॅक रॉय लिटलला गोलमध्ये उभं करावं. ट्राउटमानने नकार दिला. त्यानंतर त्याने आणखी चेंडू अडवले, आणि आपल्याच डेव्ह यूइंगशी एक टक्करही झाली.

वैद्यकीय बाजू: मानेत सात मणके. वरून दुसरा, त्याला अक्षमणका म्हणू, तो तडकून दोन तुकडे झाले होते. एकूण पाच मणके सरकलेले. जगला कसा? तिसरा मणका सरकून दुसऱ्याला टेकला आणि पाचरीसारखा बसला. त्यामुळे मोडलेला तुकडा मज्जारज्जूवर गेला नाही. श्वासपटल हलवणारी नस तिसऱ्या ते पाचव्या मणक्यांच्या पातळीवरून निघते. तिच्या वर रज्जू दाबला गेला तर श्वासच थांबतो. यात शौर्य होतंच, पण जीव वाचवला तो त्या पाचरीने.

आणि हे कळलं चार दिवसांनी, मँचेस्टरला एक्स-रे काढल्यावर. लंडनमध्ये 'मान आखडली आहे' एवढंच निदान झालं होतं. मधल्या काळात माणूस पदक घ्यायला वर चढला, मेजवानीला गेला, प्रवास केला.

हे 'धैर्याचं उदाहरण' म्हणून शाळेत सांगताना जोडीला पुढचंही सांगा. मैदानावर मान दुखतेय असं कुणी म्हणालं, हातापायाला मुंग्या आल्या किंवा डोकं वाकडं धरलं, तर खेळ थांबवायचा. त्याला बसवायचं नाही, उभं करायचं नाही, पाणी पाजायला डोकं उचलायचं नाही. एकाने डोक्याशी बसून दोन्ही हातांनी डोकं आहे त्या स्थितीत धरायचं आणि मदत येईपर्यंत सोडायचं नाही. कुशीवर वळवावंच लागलं (उलटी वगैरे) तर चार-पाच जणांनी ओंडका वळवावा तसं एकदम, डोक्याजवळच्याच्या इशाऱ्यावर.

म्हापशेकर

डॉक्टर, +१. झेपेबद्दल एक मुद्दा. ट्राउटमान डोकं पुढे घालून थेट पायांवर जायचा. त्या काळात इंग्लंडमध्ये हातात चेंडू असलेल्या कीपरला खांद्याने धडकणंसुद्धा नियमात बसायचं. १९५७ च्या फायनलमध्ये मँचेस्टर युनायटेडचा कीपर रे वूड याचं गालफड मोडलं, १९५८ मध्ये बोल्टनच्या लॉफ्टहाउसने युनायटेडचा कीपर ग्रेग याला चेंडूसकट गोलमध्ये ढकललं आणि गोल दिला गेला. त्या जगात बेधडक जाण्याला पर्याय नव्हता.

आज तशी झेप शिकवू नये. आडवं पडायचं: हात चेंडूकडे, छाती हल्लेखोराकडे, पाय दुसऱ्या खांबाकडे, म्हणजे अंगाची भिंत होते. डोकं हातांच्या मागे. वेळ साधायची ती हल्लेखोराने चेंडू पायापासून जरा लांब ढकलला त्या क्षणी. चेंडू पायाला चिकटलेला असताना झेप घेतली की पाय तोंडावर. आधी गुडघ्यावर बसून, मग उकिडवं बसून, मग उभ्याने, असं चढत जायचं. आपल्याकडे गोव्यात कापणी झालेल्या शेतात किंवा मुरमाच्या मैदानावर पोरं खेळतात. तिथे सुरुवातच करू नका, आधी समुद्रावरच्या वाळूत.

कसबा_११

धागा मॅनेजरकीकडे वळवतो. मला तरी तो मॅनेजर म्हणून फसलेला वाटतो. १९६४ मध्ये खेळणं थांबलं. १५ एप्रिलच्या गौरव सामन्याला अधिकृत आकडा ४७ हजार. मग वेलिंग्टन टाउनकडून दोन सामने, ५० पौंड प्रति सामना. दुसऱ्यात पंचांनी बाहेर काढला. १९६५ मध्ये स्टॉकपोर्ट काउंटीचा जनरल मॅनेजर, १९६६ मध्ये चेअरमनशी वाजलं आणि राजीनामा. जर्मनीत प्रॉयसन म्युन्स्टर, मग ओपेल रुसेल्सहाइम, दोन्हीकडे वर्ष-वर्ष. कप नाही, बढती नाही.

आडवी_पट्टी

स्टॉकपोर्टचं इतक्या झटकन उरकू नका. संघ चौथ्या डिव्हिजनमध्ये, मैदान मँचेस्टरच्या कुशीत. शनिवारी दुपारी तीन वाजता सिटी किंवा युनायटेड यांच्यापैकी एकाचा सामना घरच्या मैदानावर असणारच. मग काउंटीला कोण येणार? उपाय: घरचे सामने शुक्रवारी रात्री, दिव्यांखाली. म्हणजे सिटीचा चाहता शुक्रवारी काउंटीला येऊन शनिवारी आपल्या संघाकडे जाऊ शकतो. पैशाच्या दृष्टीने हा अगदी सरळ हिशोब आहे, आणि काउंटीच्या शुक्रवारच्या रात्री पुढे बराच काळ चालल्या.

आणखी एक. ट्राउटमान गेल्यावर १९६६-६७ मध्ये काउंटी चौथ्या डिव्हिजनमध्ये पहिली आली. मॅनेजर कोण? जिमी मेडोज. हा तोच सिटीचा फुलबॅक, ज्याचा गुडघा १९५५ च्या फायनलमध्ये गेला आणि करिअर तिथेच संपलं. सिटी तो सामना दहा जणांनिशी ३-१ ने हरली. म्हणजे लागोपाठ दोन फायनलमध्ये जायबंदी झालेले दोघे एकाच छोट्या क्लबच्या कारभारात! इंग्लिश लीगने जखमी खेळाडूच्या जागी एक बदली खेळाडू चालेल असं ठरवलं ते १९६५-६६ पासून, त्याच वर्षी.

पेनल्टीबॉक्स

मला कसबा यांचं म्हणणं अर्धं पटतं. क्लबचा मॅनेजर होण्याचं काम म्हणजे संचालकांशी जुळवून घेणं, खेळाडू विकणं-घेणं. त्याला ते झेपलं नाही. रागीट होता, हे मैदानावरही दिसायचं. पण 'जनरल मॅनेजर' या पदाकडून अपेक्षा गर्दी आणायची होती, आणि नाव पाहून गर्दी आणायची तर माणूस योग्य होता.

रंगूनमेल

खरी मॅनेजरकी १९७२ पासून सुरू होते, आणि ती इंग्लंडमध्ये नाही. पश्चिम जर्मनीचा फुटबॉल महासंघ परदेशी विकास-मदतीचा भाग म्हणून प्रशिक्षक पाठवायचा. ट्राउटमान १९८८ पर्यंत या कामात होता: बर्मा, टांझानिया, लायबेरिया, पाकिस्तान, उत्तर येमेन.

बर्मा हे आपल्या वाचकांना ओळखीचं नाव. आज विश्वास बसणार नाही, पण १९६६ आणि १९७० च्या एशियाडमध्ये बर्मा सुवर्णपदकवाला (१९७० ला दक्षिण कोरियाबरोबर वाटून; भारत त्या वेळी तिसरा). १९६८ च्या आशिया कपात उपविजेता. त्यामुळे १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकला बर्मा गेला याचं श्रेय एकट्या ट्राउटमानला देणारे लेख जरा जपून वाचा. संघ तयार होता. म्युनिकमध्ये मेक्सिकोकडून ०-१, सोव्हिएत युनियनकडून ०-१, आणि सुदानवर २-० असा विजय. युरोपच्या बलाढ्य संघाला एका गोलवर रोखणं ही बचावाची शिस्त आहे, आणि तिथे कीपर म्हणून घडलेल्या प्रशिक्षकाचा हात दिसतो, असं म्हणता येईल. त्यापुढे जाऊन म्हणू नये.

तिरकाकोन

या प्रकारच्या नेमणुकीत यश मोजायचं कसं हाच प्रश्न आहे. दोन-तीन वर्षं एका देशात, मग दुसरीकडे. कपाटात कप ठेवण्याइतकंच स्थानिक प्रशिक्षक मागे ठेवून जाणंही कामाचाच भाग. क्लबच्या तक्त्यावर तो दिसत नाही.

कसबा_११

मग तुलना करा. फेरेन्त्स प्लाटको. हंगेरीचा कीपर, १९२३ पासून बार्सिलोनात. १९२८ च्या स्पॅनिश कप फायनलमध्ये डोकं फुटलं, टाके घालून परत आला. हेही ट्राउटमानसारखंच झालं. पण पुढे बार्सिलोनाचा मॅनेजर, मग चिलीत जाऊन कोलो-कोलोला १९३९ मध्ये विजेतेपद, १९४१ मध्ये एकही सामना न हरता विजेतेपद, चिलीच्या राष्ट्रीय संघाचाही मॅनेजर. शेवटी सांतियागोतच राहिला. परदेशी गेलेला कीपर मॅनेजर म्हणून यशस्वी होतो तो असा.

आडवी_पट्टी

तुलना रास्त, पण प्लाटको गेला तेव्हा लॅटिन अमेरिकेला मध्य युरोपची नवी पद्धत हवी होती. त्याच्याकडे विकायला माल होता. ट्राउटमान १९६५ मध्ये इंग्रज क्लबला काय नवीन देणार? थ्रो तर तोवर सगळेच करत होते.

आणखी एक नाव: ऑस्ट्रियाचा रुडी हिडेन. १९३० मध्ये आर्सेनल त्याला घ्यायला निघालं, पण इंग्रज सरकारने देशात येऊच दिलं नाही. नंतर तिथल्या असोसिएशनने नियमच केला: परदेशी व्यावसायिकाला आधी दोन वर्षं वास्तव्य हवं. हिडेन पॅरिसला गेला, फ्रेंच नागरिक झाला, फ्रान्सकडून खेळला आणि पुढे इटलीत प्रशिक्षक झाला. हिडेनला बंदरावर अडवणारा देश, आणि ट्राउटमानला बंदी बनवून स्वतःच घेऊन आला. १९४९ पर्यंत वास्तव्याची अट त्याने छावणीत बसूनच पुरी केलेली!

म्हापशेकर

:D हा मुद्दा कधी डोक्यातच आला नव्हता.

एक शंका. इतका मोठा कीपर, मग जर्मनीकडून एकही सामना का नाही? १९५४ चा वर्ल्ड कप तर जर्मनीने जिंकला.

रंगूनमेल

प्रशिक्षक हेर्बेर्गरचं धोरण: जर्मनीत खेळणाऱ्यांनाच घ्यायचं. ट्राउटमान त्याला भेटलाही होता. १९५२ मध्ये शाल्के ०४ ने १००० पौंड देऊन त्याला परत न्यायचा प्रयत्न केला, सिटीने किंमत वीसपट सांगून वाटेला लावलं. तेव्हाच्या इंग्लिश नियमांत करार संपला तरी क्लबच्या मर्जीशिवाय जाता येत नसे. आणि पगाराला कमाल मर्यादा: १९५३ पासून आठवड्याला १५ पौंड, १९५८ पासून २०, १९६१ मध्ये मर्यादा उठली. वर वेलिंग्टनच्या ५० पौंडांचा उल्लेख आलाय, तो या आकड्यांशेजारी ठेवून पाहा. सगळ्यात भरात असताना त्याने हात बांधलेल्या पगारावर काम केलं, आणि निवृत्तीनंतर पोटासाठी मॅनेजरकी शोधली. बऱ्याच जणांचं तेच झालं.

कसबा_११

हे मान्य. 'फसलेला' हा शब्द मागे घेतो. 'क्लबसाठी बनलेला नाही' असं म्हणतो.

तिरकाकोन

चालेल. उरलेलं थोडक्यात: १९५६ मध्ये फायनलच्या आधीच इंग्लंडच्या फुटबॉल पत्रकारांनी त्याला वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू निवडलं, हा मान मिळालेला पहिला कीपर. फायनलनंतर काही आठवड्यांत त्याचा पाच वर्षांचा मुलगा गाडीखाली गेला. डिसेंबरमध्ये राखीव संघातून परत खेळायला लागला. निवृत्तीनंतर स्पेनमध्ये, वालेन्सियाजवळ राहिला. २००४ मध्ये ओबीई हा ब्रिटिश किताब. १९ जुलै २०१३ ला, ८९ व्या वर्षी गेला.

पेनल्टीबॉक्स, थ्रोचा सराव मुलांना कितव्या वर्षापासून द्यावा, यावर लिहाल का? खांद्याचं काय होतं?

पेनल्टीबॉक्स

लहान मुलांना खांद्यावरचा थ्रो देऊ नये, चेंडू पंजात मावत नाही म्हणून ती कोपरातून ढकलतात आणि कोपर दुखावतं. आधी खालून, जमिनीवर घरंगळवत, एक गुडघा खाली टेकवून. मग बाजूने. पंजा चेंडूला पुरेसा मोठा झाला की वरून, तेही चार नंबरच्या (लहान आकाराच्या) चेंडूने सुरुवात करून, आणि एका वेळी पंधरा-वीस फेकींच्या वर नाही. खांदा दुसऱ्या दिवशी दुखला तर संख्या निम्मी करा. भिंतीवर छातीच्या उंचीला खडूने चौकोन काढून त्यावर मारायला सांगा. चेंडू चौकोनाच्या वर लागतोय म्हणजे कंबर फिरत नाहीये.